खोकले कापणारा माणूस

एका वाचकाचं पत्र तीन महिने माझ्या टेबलावर पडून आहे. पत्र कसलं, चार ओळींचा कागद. "मॅडम, आमच्याकडे जुन्या टेपा आहेत. त्यातल्या एकीवर माणूस बोलायला लागायच्या आधीच त्याचं बोलणं अगदी बारीक आवाजात ऐकू येतं. जे तो पुढे बोलणार आहे, तेच. घरातले म्हणतात, भुताटकी आहे, फेकून द्या. असं का होतं?"

गेली बारा वर्षं मी एका मासिकात असल्या प्रश्नांची उत्तरं लिहिते. दूध उतू जातं मग पाणी का जात नाही, ओला कपडा गडद का दिसतो, एकाच खोलीतला लाकडी चमचा कोमट आणि स्टीलचा गार का लागतो. लोक विचारतात आणि मी पानभर लिहून मोकळी होते. पण या एका पत्रापुढे पेन अडून बसलं. उत्तर येत नाही असं मुळीच नाही. सातव्या वर्षापासून ते मला तोंडपाठ आहे, आणि शिकवलं कोणी, तर माझ्या बाबांनी. आता त्यांचं काही सांगितल्याशिवाय मला ते उत्तर लिहिता येणार नाही. पान वाढलं तर संपादकांनी कुरकुर करू नये, एवढंच.

बाबा रेडिओ केंद्रात टेप जोडायच्या खोलीत कामाला होते. छत्तीस वर्षं. खोलीला खिडकी नाही, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, मध्ये टेबल आणि त्यावर ते मोठं मशीन. पाहुणा स्टुडिओत बोलून जायचा आणि मग त्याचं बोलणं बाबांच्या हातात यायचं. अडखळणं, घसा खाकरणं, खुर्ची करकरणं, पाणी पिणं, हे सगळं शोधायचं, टेपवर पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. जोड इतका साफ की बोललेल्या माणसालाही कळायचं नाही. केंद्रात त्यांना ब्लेडमास्तर म्हणायचे. टेबलाखालची टोपली दिवसाअखेर तपकिरी तुकड्यांनी भरलेली असायची, आणि बाबा ती उलटी करून म्हणायचे, "चला, आजचा सगळा खोकला कचऱ्यात."

खोकल्यावर त्यांचा विशेष राग. अडखळणं माणसाचं असतं, म्हणायचे, पण खोकला ऐकणाऱ्याच्या घशात जातो.

आई त्यांना त्या टोपलीमुळेच मिळाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा केंद्रानं तिला पंधरा मिनिटं बोलायला बोलावलं, आणि ही बाई प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "म्हणजे" म्हणायची. बाबांनी बसून एकेचाळीस "म्हणजे" कापले. एवढ्यावर थांबले असते तर मी जन्माला आले नसते. पण या पठ्ठ्यानं ते सगळे तुकडे एकापुढे एक जोडले आणि पुढच्या खेपेला तिला वाजवून दाखवले. म्हणजे, म्हणजे, म्हणजे, म्हणजे. आई आधी लाजली, मग भडकली, मग हसत सुटली ती खुर्चीवरून उठेचना. सहा महिन्यांनी लग्न.

पुढे तिचा दर आठवड्याचा कार्यक्रम सुरू झाला. नोंदीचा दिवा लागेपर्यंत बाबा तिच्याजवळ स्टुडिओत थांबायचे, टेप आधीच फिरत असायची आणि दिव्याआधीचं बोलणं तिच्या सुरुवातीला तसंच राहायचं. श्रोत्यांनी प्रश्न पाठवायचे, आईनं उत्तरं द्यायची आणि बाबांनी कापायचं. घरी तेच, फक्त ब्लेड नसायचं. आई भाजी चिरताना उत्तरं मोठ्यानं म्हणून पाहायची, बाबा दारात उभे राहून बोट वर करायचे. बोट वर म्हणजे गप्प. कुठलंही बोलणं सुरू व्हायच्या आधी पाच सेकंद शांतता हवी, हा त्यांचा नियम. मला शाळेत काय झालं ते सांगायचं असलं तरी आधी पाच सेकंद! मी मनात मोजायची आणि पाच म्हणून होताच तोंड सोडायची.

आता त्या पत्रातला प्रश्न. मी सात वर्षांची असताना बाबांच्या खोलीत तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मशीन चालू होतं, कुणीच बोलत नव्हतं आणि त्या न बोलण्यात कुणीतरी बोलत होतं. माझी बोबडी वळली. बाबांनी मला टेबलावर बसवलं, पाच सेकंद थांबले आणि समजावलं.

टेप म्हणजे प्लास्टिकची लांबच लांब फीत, तिच्यावर गंजाच्या पुडीसारखा बारीक थर. त्यातला कण न् कण एक चिमुकलं चुंबक. बोललं की आवाजाप्रमाणे ते कण रांगेत लागतात, आणि टेप पुन्हा फिरवली की तीच रांग बोलते. पण टेप गुंडाळून ठेवतात. वेढ्यावर वेढा. मोठ्या आवाजाच्या तुकड्याला वरचा वेढा चिकटून आणि खालचा वेढाही चिकटून. महिनोन् महिने ती चुंबकं शेजारच्या कणांना हळूहळू आपल्यासारखं वळवत राहतात. ओल्या शाईचं पान वहीत मिटलं की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात ना, तसंच. मग टेप लावली की आधी तो शेजारचा वेढा येतो, त्याच्यावर उमटलेलं पुसट बोलणं ऐकू येतं, आणि एक वेढा फिरला, म्हणजे साधारण चार सेकंद गेले, की खरं बोलणं. खालच्या वेढ्यावरचं त्याच्यानंतर येतं. टेप उबेला ठेवली की छाप आणखी गडद.

"मग भूत नाही?" मी विचारलं.

"भूतच आहे," बाबा म्हणाले, "फक्त ते कुठे बसतं ते आपल्याला ठाऊक आहे."

त्यावर त्यांचा उपायही होता. वरच्या वेढ्यावर छाप जास्त पडते. म्हणून टेप वाजवून झाली की उलटी गुंडाळायचीच नाही, शेवटचं टोक बाहेर ठेवून तशीच डब्यात घालायची. मग जास्त गडद छाप बोलण्याच्या मागून येते आणि बोलण्याच्या आवाजात बुडून जाते. डब्यातल्या टेपेच्या सुरुवातीच्या टोकाला हिरवी पट्टी, शेवटच्या टोकाला लाल. डबा उघडला की लाल दिसलीच पाहिजे. केंद्रात कुणी हिरवं टोक बाहेर ठेवलं तर बाबा त्याच्याशी दोन दिवस बोलायचे नाहीत.

मी सतरा वर्षांची असताना आई गेली. फुप्फुसाचा आजार. माझी मोठी परीक्षा संपली त्या दुपारी मी घरी आले तर दाराला कुलूप, आणि शेजारीण किल्ली घेऊन उभी. आई दवाखान्यात होती. नळी घातलेली, बोलता येत नव्हतं. पाच आठवड्यांनी संपलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने आधी आणायला हवं होतं, एवढं अंगावर कसं काढलं? बाबांनी तेव्हा एकच वाक्य म्हटलं आणि पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिले. "ती कधी काही बोललीच नाही."

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. काही बोललीच नाही! जगाला सांगत होती चमचा गार का लागतो, आणि पोटच्या पोरीला एवढंसं सांगवलं नाही? मी चौतीस वर्षं तिच्यावर दात धरला. लोक आईच्या आठवणी काढून रडतात, मला आधी राग यायचा. तिचा फोटो मी माझ्या घरात लावला नाही. विज्ञानाचं सदर लिहायला लागले तेव्हा सगळे म्हणाले, आईचा वारसा चालवतेस. मी हसून घ्यायची. खरं तर तिला दाखवून द्यायचं होतं, की बघ, सगळं सांगून टाकायचं असतं.

बाबांचं मात्र विचित्र झालं. ज्या माणसानं हजारो खोकले कचऱ्यात घातले, त्याला आता खोकला ऐकवेना. मी एकदा खोकले की हातातलं टाकून उठायचे. पाठीवर हात ठेवायचे, चपला घालायचे आणि मला थेट डॉक्टरांच्या दारात. एका हिवाळ्यात नऊ वेळा! डॉक्टर वैतागून म्हणाले, अहो, मुलगी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप घ्या. वाचनालयात कुणी अनोळखी म्हातारा खोकला तरी बाबा त्याच्याजवळ जाऊन विचारायचे, किती दिवस आहे हा? मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. वाटायचं, दुःखानं डोकं फिरलंय.

घरात आईच्या टेपा होत्या, एकशे बारा डबे. केंद्रानं जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा बाबा एक मशीन आणि हे डबे घरी घेऊन आले. ते कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं, पलीकडे शेगडी. हात लावलात तर दार कोमट लागायचं. मी त्यांना सांगून पाहिलं, बाबा, तुम्हीच म्हणता ना ऊब वाईट. ते म्हणायचे, असू दे.

कधी कधी मी बाहेरून यायची तर मशीन तापलेलं असायचं, पण वाजत काहीच नसायचं. बाबा समोर बसलेले, हेडफोन कानावर. मला पाहिलं की चटकन काढायचे.

"काय ऐकत होता?"

"काही नाही. मशीन ठीक आहे का बघत होतो."

लग्न ठरलं त्या वर्षी, मी सत्तावीसची असताना, मी एकदाच मागितलं. म्हटलं, एक टेप द्या आईची, सोबत नेते. राग होता, तरी मागितलं. राग असला म्हणून काय आईचा आवाज नकोसा होतो? बाबांनी दोन दिवसांनी एक डबा हातात ठेवला. ओला कपडा गडद का दिसतो, तो भाग. मी विचारलं, शेवटच्या महिन्यांतला नाही का एखादा? म्हणाले, ते खराब झालेत.

आता ते ब्याऐंशीचे आहेत. या वर्षी एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "ये आणि टेपा कॉम्प्युटरवर घालून टाक. माझ्यानं आता ते मशीन उचलत नाही."

मी कॉम्प्युटर आणि माइक घेऊन गेले. दहा वाजले होते, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. बाबा खुर्चीत बसले. मी एकेक डबा काढत गेले. लाल पट्टी. लाल पट्टी. लाल पट्टी. सगळ्या टेपा शेवटच्या टोकावर, शिस्तीत. खालच्या कप्प्यात, शेगडीच्या बाजूच्या कोपऱ्यात, एक डबा वेगळा ठेवलेला होता. उघडला तर हिरवी.

मला आधी हसू आलं. "बाबा! ब्लेडमास्तरांच्या घरात हिरवं टोक बाहेर? आता मी तुमच्याशी दोन दिवस बोलू नको का?"

ते हसले नाहीत. "लाव," म्हणाले.

आणि टेप लावता लावता मला कळलं. शेवटपर्यंत वाजवलेली टेप लाल टोक बाहेर ठेवून राहते. हिरवं बाहेर राहतं कधी? थोडीशीच वाजवून पुन्हा मागे घेतली की. म्हणजे या टेपेची फक्त सुरुवात कुणीतरी ऐकत होतं. ऐकायचं, मागे घ्यायचं, डब्यात घालायचं. वर्षानुवर्षं. हेडफोन लावून मशीन ठीक आहे का बघणारा माणूस तेवढंच ऐकत होता.

मशीन फिरायला लागलं. आधी रिकाम्या स्टुडिओचा आवाज. रिकामा म्हटलं तरी त्याला एक हलकी घरघर असते, बाबा तिला जिवंत शांतता म्हणायचे. सहा सेकंद. आणि त्या शांततेत आई बोलली.

लांबच्या खोलीतून, दार लोटलेलं असताना बोलावं इतकं बारीक. पण शब्द न् शब्द स्वच्छ. "अहो, ऐकता का? ठकीला आज सांगून टाकते मी. मला नाही लपवायचं तिच्यापासून."

ठकी म्हणजे मी. आई-बाबांशिवाय दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही. खाली गाडी धुणाऱ्याच्या बादलीचा आवाज येत होता आणि इथे माझी आई माझ्याबद्दल बोलत होती.

मग सगळं बंद पडलं. घरघरसुद्धा गेली. नुसती मेलेली, पुसलेली शांतता. मी घड्याळाकडे बघत होते, वीस सेकंद. पुन्हा घरघर सुरू झाली आणि तिच्यात आणखी पुसट, आणखी खालचा, एका पुरुषाचा आवाज. "परीक्षा होऊ दे तिची, मग सांग काय ते. चल, दिवा लागतोय."

आणि लगेच, खणखणीत, खोली भरून टाकणारी आई. "नमस्कार. आजचा प्रश्न आहे, टेपवर आपलाच आवाज आपल्याला परका का वाटतो?"

मी मशीन बंद केलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं. तीन वेळा ऐकलं. बाबा भिंतीकडे बघत होते, आणि त्यांनी काय केलं माहितीये? मला तंत्र समजावायला लागले! "वीस सेकंद पुसलेत. पहिल्या चार सेकंदांची छाप आधीच्या वेढ्यावर पडली होती, ती राहिली. शेवटच्या चारांची नंतरच्या वेढ्यावर, ती राहिली. मधल्या बारांची छाप पुसलेल्या भागातच होती. ती गेली."

"पुसलं कोणी?"

"मी."

"कधी?"

"तुझ्या लग्नाच्या आधी. तू शेवटच्या महिन्यांतली मागितलीस. मला वाटलं, एक ना एक दिवस शोधशील. दहा वर्षं रोज ऐकत होतो तोवर. त्या रात्री पुसलं आणि वाजवून पाहिलं. तर ती आधीच बोलत होती."

"मग तेही पुसायचं होतं की!" मी ओरडले. खालची बादली थांबली, एवढ्या जोरात ओरडले.

"बटणावर बोट ठेवलं होतं," बाबा म्हणाले. "एकदा तुझ्या आईला पुसलं होतं. दुसऱ्यांदा हात चालला नाही."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चौतीस वर्षं ज्या बाईवर मी डूख धरून होते ती मला सांगायला निघाली होती. तिला यांनी थांबवलं, वर सगळ्यांना सांगत फिरले की ती काही बोललीच नाही. मी म्हटलं, तुम्ही माझी आई दोनदा मारलीत. हे मात्र म्हटलं, आणि ते लिहायलाच हवं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. एकदाही बोट वर केलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि उगाच पाण्याखाली हात धरून उभी राहिले. कपाटाची भिंत समोर होती. आणि तिथे मला आठवलं, किंवा खरं सांगायचं तर जे कायमच आठवत होतं ते बघावं लागलं. त्याच वर्षी, परीक्षेआधीच्या महिन्यात, मी पुस्तकातून डोकं न काढता म्हटलं होतं, "आई, जरा हळू खोक ना, अभ्यास करतेय!" त्यानंतर ती खोकला आला की इथे येऊन, दार लोटून, तोंडात टॉवेल धरून खोकायची. मला ऐकू यायचं बंद झालं. मी खूश झाले. बरी झाली, असं मी स्वतःला सांगितलं. एका खोलीत नवरा ब्लेडनं तिचे खोकले कापत होता, दुसऱ्या खोलीत मुलगी तिचे खोकले टॉवेलात घालत होती. मधे ती बाई गुदमरत होती. आम्ही दोघांनी मिळून तिला इतकं साफ जोडलं की जोड दिसलाच नाही.

मी नळ बंद केला आणि बाहेर आले. राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. पण बारा सेकंद कुठेच नव्हते, फक्त त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होते, आणि तो ब्याऐंशीचा आहे.

"मधलं सांगा," मी म्हटलं.

"ठके, नको."

"मधलं सांगा, बाबा. शब्दाला शब्द. तुम्हाला पाठ असणार."

मी माइक त्यांच्यासमोर ठेवला, कॉम्प्युटरवर नोंद चालू केली. त्यांनी माइककडे पाहिलं. छत्तीस वर्षं रेडिओत काढली, पण माइकपुढे बसून कधी बोलले नव्हते. सवयीनं बोट वर गेलं. आम्ही दोघं थांबलो. एक, दोन, तीन, चार, पाच.

"ती म्हणाली, आज सकाळी रुमालाला रक्त लागलं. दुसऱ्यांदा. भीती वाटते हो." बाबा दोघांचे आवाज वेगळे काढत नव्हते, सगळं एका सुरात, वाचून दाखवावं तसं. "मी म्हणालो, स्टुडिओ तासाभराचाच मिळालाय. आधी हे होऊ दे. ती म्हणाली, आणि ठकी? मग मी ते पुढचं म्हणालो. परीक्षेचं. संध्याकाळी दवाखान्यात जायचं ठरवलं होतं आम्ही. पण संध्याकाळी मी टेप जोडायला बसलो. तिचे खोकले काढायला. त्या एका भागात सव्वीस होते. आधी दोन असायचे, मग पाच, मग अकरा. मी मोजायचो, ठके. दर आठवड्याला मोजायचो. वैताग यायचा, काम वाढतं म्हणून. ते काय मोजतोय हे मला कळलंच नाही. आणि एकही ऐकू आला नाही श्रोत्यांना. साहेबांनी पाठ थोपटली माझी."

मग बाबा म्हणाले, "तो मागून येतो ना पुरुषाचा आवाज, पुसल्यावर पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, हा कोण दुसराच माणूस आहे. किती सहज बोलतोय."

आईनं त्या टेपेवर पुढे त्याचंच उत्तर दिलंय. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. बाहेरच्या माणसाला फक्त हवेतून गेलेला ऐकू येतो, आणि टेपवर असतो तो तेवढाच. पंधरा मिनिटं बोलली आहे ती. एकदाही खोकलेली नाही.

बाबा खोकले. एकदा, मग लागून दोनदा. पडद्यावरच्या रेघेत तीन टोकं वर आली. त्यांनी ती पाहिली आणि हात पुढे केला. "ते काढून टाक हं. तुमच्या त्या मशीनमध्ये एका बटणात निघतं म्हणतात. ऐकणाऱ्याला त्रास होतो."

"किती दिवस आहे हा?" मी विचारलं.

"कोण?"

"खोकला."

"झाले असतील पंधरा-वीस दिवस. थंडीचा आहे, दुसरं काय."

"उठा. चपला घाला."

"अगं, एकशे दहा डबे राहिलेत. आधी हे होऊ दे..."

वाक्य त्यांनीच अर्ध्यात सोडलं. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या. त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि उठले.

तर, पत्रलेखक महाशय, तुमच्या घरात भुताटकी नाही. शेजारच्या वेढ्याची छाप आहे, निम्मं पान त्यावरच खर्च केलंय. टेप फेकू नका. खोलीतले बाकीचे आवाज बंद करा आणि सुरुवातीची शांतता नीट ऐका.

गडबडीत नोंद बंद करायची राहून गेली. त्यामुळे माझ्याकडे आता ते सगळं आहे. बाबांचं बोलणं, तीन खोकले, चपलांचा आवाज, कडी आणि मग आम्ही दवाखान्यात होतो ते दोन तास रिकामं घर. त्यातलं मी काहीही कापलेलं नाही.